३१ मे यायच्या आधी: कारखान्यातली जुनी माणसं टिकवण्यासाठी काय करावं

कोल्हापुरातल्या कुठल्याही जुन्या फौंड्रीचं, म्हणजे धातू ओतून सुटे भाग करणाऱ्या कारखान्याचं, हजेरीबुक उघडा आणि पन्नाशीपुढच्या कामगारांच्या जन्मतारखा बघा. १ जून, १ जून, परत १ जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली तारीख ती. कुणाचा खरा जन्म दिवाळीतला, कुणाचा शिमग्यातला, पण कागदावर सगळे जूनचे. त्यामुळं निवृत्तही सगळे एकदमच होतात, ३१ मेला. शाल, श्रीफळ, एक ग्रुप फोटो, आणि आठ-दहा दिवसांत पाऊस सुरू. फौंड्रीवाल्याला सांगायला नको की पावसाळा म्हणजे साच्याच्या वाळूचा सगळ्यात अवघड काळ. हवेत ओल, वाळूत ओल, कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लो होल (वायूनं पडलेली पोकळी). ज्याला वाळू हातात घेऊन कळते, तो माणूस आपण नेमका गरजेच्या तोंडावर घरी पाठवतो.

कारखान्यांच्या टाइम ऑफिसात आणि पर्सोनेलला माझी वीस-बावीस वर्षं गेली. त्यात एक गोष्ट पक्की कळली. अनुभवी माणूस वयामुळं जात नाही. काम ज्या पद्धतीनं लावलेलं असतं, त्या पद्धतीमुळं जातो. रात्रपाळी, उचलाउचल, अंधारा कोपरा, पोरसवदा सुपरवायझरचं तोंड आणि ‘पुढं काय’ याबद्दल कुणीच काही न बोलणं, ही खरी कारणं. यातलं जवळजवळ सगळं मालकाच्या हातात आहे. म्हणून हा लेख शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या तीस ते तीनशे माणसांच्या कारखान्यांच्या मालकांसाठी आणि मॅनेजरांसाठी लिहितोय. भोसरी, सातपूर, वाळूजलाही यातलं बहुतेक लागू पडेल.

सुरुवात वहीपासून

एक साधी वही घ्या. हजेरीबुकावरून पन्नास वर्षांपुढच्या प्रत्येकाचं नाव, कागदावरची जन्मतारीख, नेमणुकीची तारीख आणि निवृत्तीची तारीख लिहा. पुढच्या पाच वर्षांत कोण कोण जाणार हे एका पानावर दिसलं पाहिजे. ऐंशी माणसांच्या कारखान्यात हे काम एका दुपारी होतं.

जन्मतारीख तपासताना आधार कार्डावर विसंबू नका. भविष्य निर्वाह निधी संघटनेनं जानेवारी २०२४ पासून जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार धरणं बंद केलंय. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला असे कागद लागतात. दाखल्यावर एक आणि फंडाच्या नोंदीत दुसरी तारीख असेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच करा. निवृत्तीच्या महिन्यात ही तफावत निघाली की पेन्शन अडकते आणि माणूस सहा-सहा महिने हेलपाटे घालतो.

आता वहीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना. प्रत्येक नावापुढं लिहायचं: ‘हा माणूस उद्यापासून आला नाही तर काय अडेल?’ हा प्रश्न मॅनेजरला विचारू नका. त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाला विचारा, पुढच्या पाळीत त्याचं काम हातात घेणाऱ्याला विचारा. मॅनेजर सांगेल, ‘मोल्डिंगला आहे, चांगला आहे.’ शेजारचा सांगेल, ‘मामा नसले की पंप हाउसिंगचे बॉक्स निम्मे रिजेक्ट जातात.’

हे काय असतं ते एकदा जवळून बघा. मिक्सरमधून आलेली वाळू मामा मुठीत घेतात, दाबतात, मूठ उघडतात. गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले आणि तळव्याला वाळू चिकटली नाही, की पहिली खूण पटली. मग तो गोळा मधोमध मोडतात. कड नीट मोडली तर ठीक, भुरभुरली तर पाणी कमी. हे सगळं चार-पाच सेकंदांत, बोलता बोलता. लॅबमध्ये ओलावा मोजायचं मशीन असतं, ठरलेल्या वेळी नमुना जातो, आकडा येतो. पण दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात साच्यात काय चाललंय ते आकडा सांगत नाही. आणि कधी कधी ओलाव्याचा आकडा बरोबर असूनही वाळूतला बेंटोनाइट (वाळू बांधून धरणारी माती) मेलेला असतो, ते आधी मुठीला कळतं. असं काय काय तुमच्याकडं कुणाकुणाच्या हातात आहे, ते त्या रकान्यात आलं पाहिजे.

पंचावन्नाव्या वर्षी बोला

निवृत्तीच्या महिनाभर आधी मालक केबिनमध्ये बोलावतात आणि म्हणतात, ‘अजून थोडे दिवस थांबा की.’ तोपर्यंत उशीर झालेला असतो. माणसानं मनानं कारखाना सोडलेला असतो, गावाकडची गुऱ्हाळाची भागी ठरलेली असते, नाहीतर पलीकडच्या कारखान्यात शब्द दिलेला असतो. म्हणून पहिलं बोलणं पंचावन्न पूर्ण झाल्यावर, आणि मग दरवर्षी एकदा.

बोलणं मालकानं किंवा ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसानं करावं. जागा केबिनची नको. शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीनंतर, किंवा पाळी सुटल्यावर चहा घेताना. सुरुवात ‘तुमचं वय झालं’ अशी तर मुळीच नको. मी साधारण असं विचारतो: ‘मामा, अठ्ठावन्नला अजून तीन वर्षं आहेत. त्यानंतर काय करायचं डोक्यात आहे? थांबायचं मन असेल तर काम कसं पाहिजे, ते आत्ता सांगा, म्हणजे मला तयारी करता येईल.’ एवढं विचारून गप्प बसायचं. बहुतेकजण पहिल्या दिवशी उत्तर देत नाहीत. ‘बघू की’ म्हणतात. आठवड्यानं स्वतः येऊन सांगतात.

काय सांगतात? पगाराचं कमी, बाकीचंच जास्त. ‘रात्रपाळी नको.’ ‘बॉक्स उचलायला पोरगा द्या.’ ‘ऊसतोडीच्या वेळी पंधरा दिवस सुट्टी पाहिजे.’ ‘नातवाला शाळेतून आणायचं असतं, चारला सोडा.’ कोअर शॉपमधल्या (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथल्या) एक आक्का होत्या, हात अतिशय हलका, त्यांनी एवढंच मागितलं की संडास शॉपच्या जवळ पाहिजे. साखरेचा आजार होता, लांबच्या संडासाला वारंवार जाताना लाज वाटायची, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. त्या सोडून जायच्या विचारात आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. कारण मात्र कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

जे ठरेल ते वहीत लिहून ठेवा आणि त्यातली एक तरी गोष्ट महिन्याभरात करून दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी कुणी तोंड उघडणार नाही.

पैसे आणि कागद: इथं चूक झाली तर विश्वास परत मिळत नाही

हा भाग किचकट आहे, पण नीट समजून घ्या. कामगार थांबायला तयार असतो आणि कागदाच्या चुकीमुळं त्याचं लाखाचं नुकसान होतं, असं मी होताना बघितलंय.

आधी निवृत्तीचं वय. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचे सरकारी नमुना नियम) ते ६० धरलेलं आहे आणि करारानं वेगळं ठरवता येतं. तरी कित्येक कारखाने ५८ ला माणूस काढतात, कारण ‘पेन्शनचं वय ५८ आहे ना’. पेन्शनचं वय आणि निवृत्तीचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या नेमणूकपत्रात, युनियनबरोबरच्या करारात आणि स्थायी आदेशांत काय लिहिलंय ते तिन्ही कागद काढून बघा. नेमणूकपत्रात वय लिहिलेलंच नसेल तर परस्पर कुणाला निवृत्त करू नका, आधी सल्लागाराशी बोला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले कायदे) लागू झाल्या आहेत आणि स्थायी आदेश बंधनकारक होण्यासाठीची कामगारसंख्या आता ३०० वर गेली आहे, त्यामुळं जुन्या फायलीतला सल्ला जसाच्या तसा चालेल असं समजू नका. वय ५८ वरून ६० करायचं असेल तर करारात करा, सगळ्यांसाठी एकसारखं करा. एकाला ठेवलं आणि दुसऱ्याला काढलं, तर त्याचं कारण सगळ्या शॉपला पटलं पाहिजे.

मग फंड. भविष्य निर्वाह निधीला वयाची वरची मर्यादा नाही. माणूस साठीनंतरही कामावर असेल तर त्याचा फंड कापला जातो. बदल होतो तो पेन्शनच्या हिश्शात. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के एरवी पेन्शन योजनेत जातात. ५८ पूर्ण झाले की ते थांबतात आणि मालकाचा सगळाच हिस्सा फंडात जमा व्हायला पाहिजे. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये हा बदल कुणीतरी करावा लागतो आणि हमखास विसरला जातो. मग चुकीचे पैसे पेन्शनच्या खात्यात जातात आणि दावा अडकतो. वहीतल्या प्रत्येक ५८ च्या तारखेसमोर हिशेबनिसासाठी लाल खूण करून ठेवा. निवृत्त होऊन पंचावन्नच्या पुढं सगळा फंड काढलेला माणूस तुम्ही नव्यानं ठेवलात, तर त्याचा नियम वेगळा पडतो. फंड कापण्याआधी त्याला तेवढं विचारा.

पेन्शन घेण्यासाठी नोकरी सोडावी लागते असा कामगारांचा समज असतो. तसं नाही. ५८ पूर्ण झाल्यावर नोकरी चालू असतानाही पेन्शन सुरू करता येते. थांबायची तयारी असेल तर ती ६० पर्यंत पुढं ढकलता येते आणि दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. उलट, ५८ च्या आधी, पन्नाशीनंतर, घेतली तर प्रत्येक वर्षाला ४ टक्के कमी. हे सगळं कामगाराला त्याच्या घरच्यांसमोर, कागदावर आकडे मांडून समजावून सांगा. पेन्शन ज्या पगारावर मोजतात त्याची कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे आणि किमान पेन्शन १,००० रुपये. शॉप फ्लोअरवरच्या माणसाच्या हातात महिन्याला काही हजारच येतात. घर त्यावर चालत नाही. साठीचा माणूस काम मागतो तेव्हा त्यामागं हे असतं. त्या अडचणीचा फायदा घेऊन त्याला निम्म्या पगारात राबवून घेणं मला पाप वाटतं.

आता ग्रॅच्युइटी, आणि मघाशी म्हटलेलं लाखाचं नुकसान. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात: महिना २६ दिवसांचा धरून नोकरीच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. समजा एका टर्नरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० आहे आणि नोकरी ३० वर्षं झाली. १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ३०, म्हणजे ३,११,५३८ रुपये. ५८ ला त्याला म्हणालात, ‘आता अर्धा दिवस या, अर्धा पगार घ्या’, आणि हिशेब न करता तसंच चालू ठेवलंत, तर दोन वर्षांनी शेवटचा पगार ९,००० धरला जाईल आणि नोकरी ३२ वर्षं होऊनही ग्रॅच्युइटी होईल १,६६,१५४. त्याला कळतही नाही काय झालं ते. म्हणून नियम साधा ठेवा. पगार कमी होणार असेल, तास कमी होणार असतील, तर आधीच्या नोकरीचा पूर्ण हिशेब करून ग्रॅच्युइटी तीस दिवसांत हातात द्या आणि मग नवं नेमणूकपत्र द्या. पगार आणि काम तेच राहणार असेल तर सेवा तशीच अखंड चालू ठेवा.

नवं नेमणूकपत्र मुदतीचं असेल तर नव्या संहितेप्रमाणं अशा कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी लागू होते. ते खर्चात धरा. आणि एक विनंती: तीस वर्षं तुमच्या हजेरीवर असलेल्या माणसाला १ जूनपासून ठेकेदाराच्या हजेरीवर टाकू नका. काम तेच, मशीन तेच, पण गळ्यातल्या कार्डाचा रंग बदलतो आणि त्याला सगळ्यांसमोर लहान झाल्यासारखं वाटतं. असं केलेली माणसं वर्षभर टिकलेली मी फार कमी बघितली.

ईएसआयला, म्हणजे कामगार राज्य विम्याला, वरची वयोमर्यादा नाही. २१,००० पर्यंत पगार असेल तर साठीनंतरही लागू. किमान पाच वर्षं विम्याखाली काम करून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी औषधोपचार मिळतात. ही सोय कितीतरी लोकांना माहीतच नसते. निवृत्तीच्या दिवशी तो अर्ज टाइम ऑफिसनंच भरून द्यावा. ज्यांचा पगार २१,००० च्या वर आहे त्यांच्यासाठी कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आणि अपघात भरपाईचा विमा कोणत्या वयापर्यंत चालतो, हे एजंटकडून लेखी घ्या. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, तेही कानावर घाला.

काम माणसाला जुळवून घ्या

जर्मनीत डिंगोल्फिंगला बीएमडब्ल्यूचा कारखाना आहे. २००७ मध्ये त्यांनी गिअरबॉक्स जोडणीच्या एका लाइनवर मुद्दाम जास्त वयाची माणसं लावली, सरासरी वय ४७. दहा वर्षांनी सगळा कारखाना याच वयाचा होणार हे त्यांना दिसत होतं. मग त्या कामगारांनाच विचारून सुमारे ७० छोटे बदल केले: सिमेंटऐवजी लाकडी जमीन, उंची बदलणारी टेबलं, टेकायला खुर्च्या, भिंग, स्क्रीनवर मोठी अक्षरं, कामाची अदलाबदल. खर्च फार नव्हता, आणि वर्षभरात त्या लाइनची उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की यादी इंजिनिअरांनी नाही, काम करणाऱ्यांनी केली.

आपल्याकडं हे कसं करायचं? एक दिवस, पूर्ण पाळी, वहीतल्या एका माणसाबरोबर उभं राहा. तो कुठं कुठं वाकतो, काय उचलतो, कुठं डोळे बारीक करतो, कितीदा पाणी प्यायला जातो, एवढंच टिपा.

उजेडापासून सुरुवात करा, कारण तो सगळ्यात स्वस्त. साठीच्या डोळ्याला विशीतल्या डोळ्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. एका कारखान्यात एक जुना टर्नर अचानक मापात चुकायला लागला. दोन दशांश, तीन दशांश. सुपरवायझरनं ‘लक्ष नाही’ म्हणून दोन मेमो दिले. तिसऱ्या वेळी मी मशीनजवळ जाऊन बघितलं. व्हर्नियर (माप घ्यायची पट्टी) ते खिडकीकडं नेऊन, मान मागं करून वाचत होते. चष्मा घरी होता, कारण सेफ्टी गॉगलच्या आत चष्मा बसत नव्हता. नंबराचा सेफ्टी गॉगल करून दिला, डिजिटल व्हर्नियर दिला, लेथवर एक एलईडी लावला. सगळा खर्च काही हजारांत. मेमो मी फाडले आणि सुपरवायझरला त्यांच्यासमोर ‘चूक झाली’ म्हणायला लावलं. त्यानंतर ते अजून पाच वर्षं होते. वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी कारखान्यातच करा, जवळच्या नंबरासकट.

मग उचलाउचल. बॉक्स, पॅटर्न, चक, डाय, हे सगळं गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत ठेवता येतं का बघा. जमिनीवरचं टेबलावर आलं की निम्मी कंबरदुखी जाते. चेन ब्लॉक, ट्रॉली, टिल्टिंग टेबल हे तरुणांनाही उपयोगी पडतं, म्हणून ‘म्हाताऱ्यांसाठी’ अशी पाटी त्यावर लावू नका. उभ्याच्या कामात टेकायला स्टूल द्या. आपल्याकडं बसलेला कामगार म्हणजे कामचुकार अशी एक समजूत आहे, ती वरून खाली काढावी लागते.

भट्टीजवळची उष्णता वेगळी धरा. वय वाढलं की तहान कमी लागते आणि शरीर निवायला वेळ लागतो, त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पाणी जास्त जातं. एप्रिल-मेमध्ये ओतकामाच्या प्लॅटफॉर्मवर पंचावन्नपुढच्या माणसाला सलग उभं करू नका. पाळी-पाळीनं बदला, आणि ताक नाहीतर मीठ-लिंबाचं पाणी जागेवर पोचवा. धुळीचंही तसंच. फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं) आणि शेक-आउटवर (साचा फोडून वाळू झाडणं) वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या छातीचा एक्स-रे दरवर्षी झालाच पाहिजे. सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, गुपचूप वाढतो. नव्या संहितेत चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी अपेक्षित आहे. ती उरकून टाकायची गोष्ट नाही. आणि तपासणीत काही निघालं तर माणसाची जागा बदला, माणूस बदलू नका. एकदा जरी तपासणीच्या कागदावरून कुणाला घरी पाठवलंत, तर पुढच्या वर्षी सगळे आजार लपवतील.

रात्रपाळी पंचावन्ननंतर ऐच्छिक करा. तरुण कुरकुर करतील. त्यांना सांगा की तुम्हीही पंचावन्नचे होणार आहात आणि नियम तुमच्यासाठीही हाच राहील. हे लेखी असेल तर कुरकुर लवकर थांबते.

शिकवणं: आधी हमी, मग विद्या

‘मामा, तुम्हाला येतं ते या पोराला शिकवा’ असं म्हणून पोरगा शेजारी उभा केला जातो. मामा हो म्हणतात आणि काहीही शिकवत नाहीत. त्यांच्या जागी आपण असतो तर? पोरगा तयार झाला की आपली गरज संपली, हे त्यांना स्वच्छ दिसतं. म्हणून आधी ६० पर्यंत, किंवा जे ठरेल तोपर्यंत, कामाची लेखी हमी द्या. मग शिकवायला सांगा. हा क्रम उलटा केलात तर पुढचं सगळं फुकट जातं.

शिकवण्याचा भत्ता पगारात वेगळ्या ओळीत दाखवा. रक्कम लहान असली तरी ती ओळ त्यांना महत्त्वाची वाटते, घरी दाखवतात. आठवड्यातले ठरावीक तास शिकवण्यासाठी मोकळे ठेवा आणि त्या वेळचं प्रॉडक्शन त्यांच्याकडून मागू नका. जोडी मामांनाच निवडू द्या. आणि ‘सगळं लिहून द्या’ हा हट्ट सोडा. ज्यांनी आयुष्यभर हातानं काम केलं त्यांना वहीत लिहिणं जमत नाही. पोरानं फोनवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ करावेत आणि व्हिडिओत प्रश्न विचारावेत: ‘हे चाललं नसतं तर कशावरून कळलं असतं?’ खरी विद्या या प्रश्नाच्या उत्तरात असते. चिल टेस्टचा (वितळलेलं लोखंड तपासायला ओतलेला) तुकडा मोडून पांढरा भाग किती आलाय हे बघताना भट्टीवरचा जुना मेल्टर काय बोलतो, तेवढं जरी नोंदवलं तरी पुष्कळ.

सुपरवायझरचं काय? डिप्लोमा करून आलेला पंचवीस वर्षांचा पोरगा आणि त्याच्या हाताखाली वडिलांच्या वयाचा कामगार, हे रोजचं चित्र आहे. दोन गोष्टी मी नव्या सुपरवायझरला पहिल्याच दिवशी सांगतो. कामगाराला मामा, तात्या, आण्णा, आक्का, जे शॉपमध्ये चालतं त्यानंच हाक मारायची आणि ‘अहो’नंच बोलायचं. आणि चूक दाखवायची असेल तर मशीनजवळ, हळू आवाजात. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कधीच नाही. पंचावन्नचा माणूस कमी पगार एकवेळ सहन करतो, पोरांसमोरचा अपमान सहन करत नाही. तो दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि का ते सांगतही नाही.

बाहेरून अनुभवी माणसं आणायची असतील तर

गेटवरची पाटी बदला. ‘वय १८ ते ३५’ ही ओळ बहुतेक ठिकाणी केवळ सवयीनं लिहिलेली असते. त्याऐवजी काम लिहा: ‘सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) सेटिंग येणारा पाहिजे. निवृत्त चालेल. दिवसपाळी. आठवड्यातून चार दिवसही चालेल.’ शेवटची तीन वाक्यं वाचून फोन येतात.

फोन कुठून येतील? मोठ्या कंपन्यांतून निवृत्त झालेले टूल रूमचे लोक, एसटी डेपोतले मेकॅनिक, आयटीआयचे निदेशक, साखर कारखान्यातले फिटर. गल्लोगल्ली ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांच्या फळ्यावर कागद लावा. केंद्र सरकारनं १ ऑक्टोबर २०२१ ला साठीपुढच्यांसाठी ‘सेक्रेड’ नावाचं रोजगार पोर्टल सुरू केलंय, तिथं नोंदणी करायला खर्च नाही. पण माझा भरवसा ओळखीवर आणि फळ्यावर जास्त. पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायकांनाही विसरू नका. मुलं मोठी झाल्यावर कामाला यायची तयारी असते. तपासणी, कोअर, पॅकिंग, स्टोअरला त्यांच्याइतकं काटेकोर काम क्वचित कुणी करतं. एसटीत महिलांना आणि पासष्टीपुढच्यांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा पाळीची वेळ गावच्या एसटीच्या वेळेशी जुळवली तर दूरची माणसंही येऊ शकतात.

मुलाखत खुर्चीवर नको. ऑनलाइन फॉर्म भरायला लावू नका. मशीनवर न्या, एक जॉब द्या, आणि त्या दिवसाची मजुरी द्या. अर्ध्या तासात तुम्हाला माणूस कळतो आणि त्याला तुम्ही कळता.

काहींना थांबवायचं नसतं, हेही मान्य करा. चक्कर येणारा माणूस क्रेनवर नको, दृष्टी अधू झालेला प्रेसवर नको. कुणाला खरंच घरी जायचं असतं, बायको आजारी असते, शेती बघायची असते. त्यांना आग्रह करून अडकवू नका. पावसाळ्यातले दोन महिने रोजंदारीवर याल का, एवढं विचारून ठेवा. कित्येकजण आनंदानं येतात.

१ जूनची सकाळ

सगळं ठरलं, कागद झाले, ३१ मेला शाल-श्रीफळ झालं, आणि मामा १ जूनला सकाळी सात वाजता गेटवर आले. पंचिंग मशीननं बोट घेतलं नाही. निवृत्त म्हणून आदल्या संध्याकाळी सिस्टिममधून नाव काढलं होतं, आणि वॉचमन नवा. आदल्या दिवशी ज्यांच्या गळ्यात हार घातला ते मामा भेटायला येणाऱ्यांच्या बाकावर पाऊण तास बसून होते. मी पोचलो तेव्हा डबा मांडीवर घेऊन बसले होते. ‘जाऊ का परत?’ एवढंच म्हणाले.

म्हणून ३० मेपर्यंत एवढं उरकून घ्या. नवं नेमणूकपत्र सत्काराच्या वेळीच, शालीबरोबर, सगळ्यांसमोर हातात द्या. टाइम ऑफिसला नाव काढायची नव्हे, बदलायची लेखी सूचना द्या. कार्डाचा रंग तोच ठेवा. वाळूत आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटावरचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन ते घेत नाही, तेव्हा कार्ड किंवा चेहऱ्यावरून हजेरीची सोय आधीच करून ठेवा. पेन्शनच्या जीवन प्रमाणाचंही, म्हणजे हयातीच्या दाखल्याचंही, तसंच आहे. ते आता चेहऱ्यावरूनही करता येतं, टाइम ऑफिसातल्या पोरानं दरवर्षी आठवणीनं करून द्यावं. आणि १ जूनला सकाळी पावणेसातला तुम्ही स्वतः गेटवर उभे राहा.